ओल, बुरशी आणि आपले घर

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण बचतीचे महत्त्व सांगताना आपण बँकेत वारंवार वापरतो. घराच्या भिंतीलाही ती तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की, भिंतीत साचणारे हे तळे बचत वाढवीत नाही, ती पोखरते. वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या घराला पाचव्या वर्षीच ओल लागली, तर हप्ता तेवढाच राहतो आणि दुरुस्तीचा खर्च मात्र नव्याने उभा राहतो. म्हणूनच ओल व बुरशी हा विषय गृहिणीइतकाच कर्जदारानेही समजून घ्यावयास हवा.

बेळ्ळंदूरचे उदाहरण

पुणे, नाशिक, नागपूर येथून नोकरीनिमित्त बंगळूरला आलेली अनेक मराठी कुटुंबे शहराच्या आग्नेयेकडील बेळ्ळंदूर परिसरात स्थिरावली आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या, सुखद हवेच्या या शहरात ओलीची चिंता कशाला, असे प्रथमदर्शनी वाटते. वार्षिक पाऊसही सुमारे ९७० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमीच. परंतु हा पाऊस चार महिन्यांत आटोपत नाही. एप्रिल-मेच्या वळिवांनंतर नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि त्यापाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस. सप्टेंबर व ऑक्टोबर हे येथील सर्वाधिक पावसाचे महिने होत. हवा सौम्य असल्याने भिंतींना कडक ऊन मिळत नाही व एकदा मुरलेली ओल लवकर सुकत नाही.

त्यातच बेळ्ळंदूर सखल भागात वसले आहे. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्याचे पाणी येथील तलावात उतरते व पुढे वर्तूर तलावाकडे जाते. हा बंगळूरमधील सर्वांत मोठा तलाव. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत या परिसरातील वसाहतींत पाणी शिरले, तळघरांतील वाहने बुडाली आणि रहिवाशांना ट्रॅक्टर व नावांमधून बाहेर काढावे लागले. पूर दोन दिवसांत ओसरतो, परंतु विटा व गिलाव्यात शिरलेले पाणी बाहेर पडण्यास कित्येक महिने लागू शकतात.

ओल कोठून येते?

ओलीचे मार्ग मुख्यतः चार. पहिला, जमिनीतील पाणी जोत्यातून वर चढणे. अशी ओल भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत दिसते व तेथे पांढरा लोणा धरतो. दुसरा, गच्ची, बाहेरील भिंतीच्या भेगा व खिडक्यांच्या चौकटी यांतून शिरणारे पावसाचे पाणी. तिसरा, नळ व सांडपाण्याच्या पाइपांची गळती. पावसाळा संपल्यावरही डाग वाढत असेल, तर प्रथम वरच्या मजल्यावरील स्नानगृहाकडे लक्ष द्यावे.

चौथा मार्ग घरातील हवेचा. २५ अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते, तर २० अंशांची हवा सुमारे १७ ग्रॅमच. खोलीत २५ अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असेल आणि भिंत २१ अंशांपर्यंत थंड झाली, तर त्या भिंतीवर दव जमू लागते. कपाटामागे, गादीखाली व कोपऱ्यांत बुरशी धरते ती बहुधा यामुळे. बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ, गरम पाण्याची स्नाने ही बाष्पाची नित्याची उगमस्थाने होत.

ओल आतील की बाहेरील, हे ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस पाणी जमल्यास ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूस जमल्यास दोष हवेतील बाष्पाचा आहे. पहिल्या प्रकारात गवंडी व प्लंबर हवा, दुसऱ्यात केवळ वायुवीजन सुधारले तरी पुष्कळ काम भागते.

आरोग्याचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनविकार व दम्याचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो, असे त्यांत नमूद आहे. लहान मुले, वृद्ध व दमेकरी यांच्या खोलीपासून उपायांना प्रारंभ करावा.

काय करावे?

१. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकवावी. तोवर सुकल्यास बहुधा बुरशी धरत नाही.
२. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. आर्द्रतामापक अल्प किमतीत मिळतो.
३. स्नानानंतर व स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा. पाऊस नसताना समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात.
४. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.
५. गच्चीवरील पाण्याचे निचरामार्ग मे महिन्यात व पुन्हा सप्टेंबरपूर्वी साफ करावेत.
६. टणक पृष्ठभागावरील थोडी बुरशी साबणाच्या पाण्याने घासून पुसावी व जागा कोरडी करावी. या वेळी नाकातोंडावर मास्क व हातात मोजे असावेत. ब्लीचमध्ये संडास स्वच्छ करण्याचे आम्ल कदापि मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
७. बुरशीवर थेट रंग देऊ नये. मूळ कारण दूर करून भिंत पूर्ण सुकल्यावरच रंगकाम करावे, अन्यथा पोपडे पुन्हा निघतात.

कायदा व विमा

घर नवे असल्यास खर्च करण्यापूर्वी ताबापत्राची तारीख पाहावी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष लेखी निदर्शनास आणल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. डागांची तारीखवार छायाचित्रे व पत्राची पोच जपून ठेवावी.

विम्याबाबतही सावध असावे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ, तसेच पाण्याच्या टाक्या व पाइप फुटणे या जोखमींचा समावेश आहे. इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामान्य वस्तूंनाही संरक्षण मिळते. परंतु विमा असतो तो अचानक ओढवणाऱ्या संकटासाठी. देखभालीअभावी हळूहळू मुरलेल्या ओलीची भरपाई त्यातून मिळेल, अशी अपेक्षा धरू नये.

खरेदीखत, विमापत्र व ठेवींच्या पावत्या तळमजल्यावरील भिंतीतल्या कपाटात न ठेवता प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात, उंच जागी ठेवाव्यात व त्यांच्या छायाप्रती अन्यत्र असाव्यात. आणि पुढील वेळी घर पाहावयास जाल तेव्हा शक्यतो पावसाळ्यात जावे. ताज्या रंगाखालची ओल उन्हाळ्यात दिसत नाही, पावसात मात्र ती लपत नाही.