शुगरसाठी मेथी-कारलं घ्या, पण गोळी सोडू नका

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत शुगरचा विषय निघाला की कुणी मेथी सांगतं, कुणी कारल्याचा रस, कुणी जांभळाच्या बियांचं चूर्ण. मग हळूच कुणीतरी म्हणतं, "मी तर गोळीच बंद केली, काढा चालू आहे." या शेवटच्या वाक्यासाठीच आजचा पाठ.

झाडपाल्यात गुण आहे का?

आहे. मेथीचे दाणे भिजले की बुळबुळीत होतात. त्या चोथ्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळू उतरते. आपल्या उमरग्यावरून जाणारा महामार्ग जिथे पोहोचतो, त्या हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथे मेथीवर अभ्यास झाले, रुग्णांची साखर कमी झालेली दिसली. पण त्यात दिवसाला 25 ते 100 ग्रॅम मेथी दिली होती. 25 ग्रॅम म्हणजे सहा-सात छोटे चमचे, तेही जेवणातून. आपण एक चमचा दाण्यांचं नुसतं पाणी पितो, त्याचा तेवढा उपयोग कसा होईल?

कारल्याने साखर थोडी उतरू शकते. जांभळाच्या बियांबद्दल माणसांवरचा पुरावा अजून थोडाच आहे.

आणखी एक गंमत. शुगरची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन हिचं मूळही एका झाडातच आहे. युरोपातली गॅलेगा ही वनस्पती मेथीच्याच कुळातली. फरक एवढाच, की गोळीत औषधाचं माप ठरलेलं असतं. काढ्यात आज किती उतरलं, उद्या किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

धोका कुठे आहे?

- गोळी बंद करणं. शुगर वाढली तरी बरेच दिवस काही दुखत नाही. आतून मात्र डोळे, किडनी आणि पायाच्या नसा खराब होत जातात.
- गोळी आणि रस दोन्ही, वर उपास. साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, चक्कर येते. लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि दवाखाना गाठा. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट 108 ला फोन करा.
- बिनानावाचं चूर्ण. अशा काही चूर्णांत चोरून शुगरचीच गोळी मिसळलेली सापडली आहे. त्यासाठी गटातून कर्ज काढू नका.
- गरोदरपण, किडनी किंवा लिव्हरचा त्रास. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा, चूर्ण, रस काहीच नको.

मग करायचं काय?

1. मेथी, कारलं जेवणात खा. मेथीची भाजी, भाकरीच्या पिठात मेथीची पूड, कारल्याची भाजी, पण गूळ न घालता. मेथीची पूड आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा.
2. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीही मोजून. ताटात भाजी आणि वरण वाढवा, चहातली साखर कमी करा.
3. रोज अर्धा तास भरभर चाला. शेतातलं काम झालं तरी जेवणानंतर थोडं फिरा.
4. वैद्यांचं औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, आणि डॉक्टरांची गोळी वैद्यांना दाखवा. लपवू नका.
5. तपासणी करा. उपाशीपोटी 100 च्या आत साखर ठीक, 100 ते 125 म्हणजे सावध व्हा, 126 किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासा.

30 वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी उपकेंद्रात होते, आशाताईंना विचारा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कुणाचा काढा लागू पडला की नाही हे शेजारणीच्या सांगण्यावरून ठरवू नका, तपासणीचा आकडा बघा. आकडा खरंच उतरला, तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पुढच्या बैठकीत बोलूया

- आपल्या गटात 30 वर्षांवरच्या किती जणींची शुगर या वर्षी तपासली?
- कुणी गोळी बंद केली आहे का? पैशामुळे, त्रासामुळे, की कुणाच्या सांगण्यावरून?
- त्या ताईसोबत दवाखान्यात कोण जाणार? नाव ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.