पिकअपच्या पुढच्या चाकांची खडखड

प्रश्न : पिकअप खड्ड्यातून जाताना पुढून खडखड ऐकू येते. शॉकअप घरीच बदलल्यास आवाज थांबेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : असा आवाज शॉकअपचाच असतो हा समज योग्य नव्हे, पुष्कळदा चाकाच्या नकलला आर्मशी जोडणारा गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, किंवा आर्मचा रबरी बुश झिजलेला असतो. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असल्यास त्या आर्मखाली जॅक लावून चाक उचलावे आणि ते वर-खाली धरून हलवावे. मात्र बेअरिंग सैल असले तरी चाक असेच हलते, म्हणून हालचाल नेमकी कोठे होते हे दुसऱ्याने टॉर्च धरून पाहावे. स्प्रिंगपासून वेगळा बसवलेला शॉकअप घरी निश्चित बदलता येतो. परंतु दाबलेली स्प्रिंग सुटल्यास जीवघेणा आघात होऊ शकत असल्याने जिथे ती उतरवावी लागते, ते काम गॅरेजकडेच सोपवावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये, चासीखाली स्टँड लावावेत. बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते. बॉल जॉइंट किंवा आर्म बदलल्यास अलाइनमेंट अवश्य करून घ्यावे.