मुलाखत झाली, पुढे सामसूम

प्रश्न : विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत दोन फेऱ्या झाल्या. ‘कळवतो’ म्हणाले. महिना झाला, एचआर मेसेज वाचतात, उत्तर नाही. माझं काय चुकलं?
– एक वाचक, करंजाडे

उत्तर : दोन निळ्या टिकांवरून तुमची लायकी ठरत नाही. नकार कळवला की ‘का?’ हा प्रश्न येतो. गप्प राहिलं की काहीच येत नाही. शिवाय पहिल्या पसंतीचा उमेदवार रुजू होईपर्यंत बाकीच्यांना टांगून ठेवणं कंपनीच्या सोयीचं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे या पट्ट्यात अर्जांचा ढीग पडणारच, कुणाकुणाला कळवणार, असं कंपन्या म्हणतील. अर्जांपुरतं ते पटतं. दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेले मात्र बोटांवर मोजण्याइतकेच असतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला, जाहिरात दिलेल्या पदासाठी, शेवटच्या मुलाखतीनंतर ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवावं लागतं. (कारण सांगायची सक्ती तिथंही नाही.)

आपल्याकडे सरकारी भरती असती तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकता आला असता. खासगी कंपनीला तो कायदा थेट लागू नाही. म्हणून एकच मेल करा, तारीख घालून : ‘शुक्रवारपर्यंत कळवाल का?’ आगाऊपणा वाटेल ही भीती नको. ज्यांना तुम्हाला घ्यायचंय ते एका ओळीनं बिथरत नाहीत. पुढचा अर्ज मात्र शुक्रवारसाठी अडवू नका.