ग्रंथिक ज्वर आणि सामान्य माणूस : १८९६-९७ च्या साथीचा धडा

चरकसंहितेतील ‘जनपदोद्ध्वंसनीय’ अध्याय (विमानस्थान, अध्याय ३) आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. प्रकृती, आहार, वय भिन्न असूनही असंख्य लोक एकाच वेळी का मरतात, या अग्निवेशाच्या प्रश्नाला तेथे वायू, उदक, देश व काल यांची दुष्टी असे उत्तर आहे. दुष्ट देशाच्या वर्णनात मूषकांचाही उल्लेख येतो. सुश्रुतांनी वर्णिलेली ‘अग्निरोहिणी’ म्हणजे कक्षेतील स्फोट, अंतर्दाह, ज्वर आणि सात, दहा अथवा पंधरा दिवसांत मृत्यू. पुढे अनेक वैद्यांनी तिचा संबंध प्लेगशी जोडला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. लक्षावधी लोकांनी शहर सोडले. गिरण्यांना कामगार मिळेनात. १८९७ मध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरझडती सुरू झाली. सामान जाळले जाई, रुग्णास इस्पितळात व आप्तांना विलगीकरण छावणीत नेले जाई. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. याच रोषातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. उंदरावरील पिसू हा रोगवाहक असल्याचे सिमाँड यांनी १८९८ मध्ये दाखविले. तोपर्यंत घरे धुतली गेली, पण रोगाचे खरे वाहन ध्यानात आले नव्हते.

हा केवळ इतिहास नव्हे. १९९४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचा संशय उद्भवला होता. २०२० मध्ये सोयगाव परिसरातील रुग्ण ‘घेऊन जातील’ या भीतीने ताप लपवीत माझ्याकडे येत. सव्वाशे वर्षांनंतरही भीती तीच होती.

म्हणून वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. घरात वा धान्याच्या कोठारात उंदीर मरून पडत असतील आणि तीव्र ज्वरासह वंक्षण वा कक्षेत वेदनायुक्त ग्रंथी असेल, तर काढा देऊन कालहरण करू नये. रुग्णास तत्काळ शासकीय रुग्णालयात पाठवून आरोग्य विभागास कळवावे. योग्य प्रतिजैविक वेळेत मिळाल्यास तो वाचतो. आणि हे सर्व त्याला नीट समजावून सांगावे. लोक आधी आपल्याकडे येतात, कारण त्यांचा आपल्यावर विश्वास आहे. तो विश्वास रोग लपविण्यास नव्हे, उघड करण्यास उपयोगी पडावा.