साडेचारशे तास

(दुसऱ्यांची सेवा करावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ज्याला स्वतःच्या शिक्षणाचा खर्चच भागवता येत नाही, त्याने सेवेसाठी वेळ कोठून आणावा? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले गेले, ते या पाठात सांगितले आहे.)

समजा, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक मुलगी राहते. ती कॉलेजात शिकते. कॉलेज सुटल्यावर ती एका दुकानात गल्ल्यावर बसते. तेथे मिळणाऱ्या पगारातून ती पुस्तकांचा आणि बसभाड्याचा खर्च भागवते. तिच्या घराजवळच्या एका शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवण्यासाठी माणसे हवी आहेत. तिला ते काम मनापासून आवडते. पण ते बिनपगारी आहे. दुकान सोडले, तर खर्च कसा भागणार? शेवटी ती दुकानातच जाते. शाळेतील काम तिच्याच वर्गातील एका सुखवस्तू घरातील मुलाला मिळते.

यात त्या मुलाची काही चूक नाही. तो चांगलेच काम करतो. सेवा करण्याची इच्छा दोघांनाही होती. सवड मात्र एकालाच होती. सेवा ही केवळ सवड असलेल्यांसाठीच असावी का?

अमेरिकेत हा विचार फार पूर्वीपासून चालू आहे. १९३३ साली त्या देशात भयंकर मंदी होती. लाखो तरुण बेकार होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तरुणांचे एक दल उभे केले. या दलातील तरुण जंगलात छावणी करून राहत. ते झाडे लावत, रस्ते तयार करत, वणवे विझवत. त्यांना महिन्याला ३० डॉलर मिळत. त्यांपैकी २५ डॉलर परस्पर घरी पाठवले जात. त्यामुळे मुलगा जंगलात काम करी आणि घरी आईची चूल पेटे. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी या दलात काम केले आणि सुमारे ३०० कोटी झाडे लावली. अर्थात या योजनेत दोषही होते. तिच्यात मुलींना जागा नव्हती आणि कृष्णवर्णीय तरुणांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या छावण्यांत ठेवले जाई.

पुढे १९६४ साली गरिबी हटवण्यासाठी एक कायदा झाला. त्यातून 'व्हिस्टा' नावाची योजना निघाली. तिच्यातील स्वयंसेवक गरीब वस्त्यांत राहून काम करत. १९९३ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी राष्ट्रीय सेवेच्या नव्या कायद्यावर सही केली. या योजनेचे नाव 'अमेरिकोर'. सप्टेंबर १९९४ मध्ये तिच्या पहिल्या तुकडीतील सुमारे २०,००० स्वयंसेवकांनी सेवेची शपथ घेतली. ते सेवाभावी संस्थांमध्ये काम करत. सरकार त्यांना निर्वाहभत्ता देई. सेवा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी वेगळी रक्कम मिळे. ही रक्कम विद्यार्थ्याच्या हाती पडत नसे. ती थेट कॉलेजला किंवा शिक्षणासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेला दिली जाई.

पण पूर्ण वेळ सेवेचे १,७०० तास भरावे लागत. कॉलेज चालू असताना एवढे तास कसे भरणार? म्हणून २०२२ साली कॅलिफोर्निया राज्याने कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी 'कॉलेज कोर' ही योजना सुरू केली. तिच्यात एका शैक्षणिक वर्षात ४५० तास सेवा करायची होती. आठवड्याला १५ तास काम केले, तर ३० आठवड्यांत हे तास पूर्ण होतात. त्याबद्दल ७,००० डॉलर निर्वाहभत्ता आणि तास पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी ३,००० डॉलर, असे एकूण १०,००० डॉलर ठरले. पहिल्या वर्षी सुमारे ३,२०० विद्यार्थी या योजनेत आले.

आता थोडे गणित करू या. ७,००० ला ४५० ने भागा. तासाला सुमारे साडेपंधरा डॉलर पडतात. २०२२ साली कॅलिफोर्नियात मोठ्या दुकानांतील किमान वेतन तासाला १५ डॉलर होते. म्हणजे आपल्या गोष्टीतील मुलीने तेव्हा गल्ल्यावरचे काम सोडले असते, तरी तिचे नुकसान झाले नसते. उलट फीसाठी आणखी ३,००० डॉलर मिळाले असते. तिच्यापुढे खरी निवड असती.

या योजनेत येण्यासाठी विद्यार्थी आपल्याच कॉलेजात अर्ज करतो. त्याची मुलाखत होते. लहान मुलांमध्ये किंवा वृद्धांमध्ये काम करायचे असते. म्हणून त्याच्यावर कोणता गुन्हा दाखल आहे काय, याची तपासणी होते. मग थोडे प्रशिक्षण होते आणि त्याला एखाद्या संस्थेत पाठवले जाते. कामे मुख्यतः तीन प्रकारची असतात : शाळकरी मुलांना शिकवणे, भुकेल्यांपर्यंत अन्न पोहोचवणे आणि पर्यावरणाचे रक्षण करणे. अन्न वाटणाऱ्या संस्थेत तो आलेले डबे तपासतो, मुदत संपलेले डबे बाजूला काढतो, खोकी भरतो आणि रांगेतील माणसांना देतो. काम केलेल्या तासांची तो नोंद ठेवतो. संस्थेतील देखरेख करणारी व्यक्ती ती नोंद तपासून मंजूर करते. तास भरले नाहीत, तर शिक्षणाची रक्कम मिळत नाही.

अशा योजनांवर टीकाही झाली. काही जण म्हणाले, "पैसे घेतले की ती सेवा कसली? ती तर नोकरी झाली!" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पैशाच्या लोभाने कोणी आला, तर त्याचे मन कामात रमणार नाही. पण आपण डॉक्टरांना फी देतो, शिक्षकांना पगार देतो. म्हणून त्यांची माया खोटी ठरते काय? भुकेल्या पोटी सेवा करा, असे गरीब मुलाला सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते.

दुसरा आक्षेप असा, की संस्था कायमच्या नोकरांना काढून टाकतील आणि त्यांच्या जागी थोड्या पैशांत स्वयंसेवक ठेवतील. ही भीती खरी आहे. म्हणून अमेरिकोरच्या नियमांतच असे करण्यास मनाई आहे. सेवेच्या तासांत राजकीय प्रचार आणि धर्मप्रचार करण्यासही बंदी आहे.

सरकारी पैशावर चालणाऱ्या योजनेला आणखी एक धोका असतो. सरकारचे मत बदलले, की पैसा थांबतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने अमेरिकोरची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने अचानक बंद केली. अनेक स्वयंसेवकांचे काम अर्ध्यावर थांबले. जी मुले त्यांच्याकडे शिकत होती, त्यांचेही नुकसान झाले. अनेक राज्ये न्यायालयात गेली. जून महिन्यात न्यायालयाने दावा करणाऱ्या राज्यांतील अनुदाने पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. ज्यांना दर आठवड्याला मदत लागते, त्यांच्यासाठी असा खंड फार महाग पडतो.

आपल्या देशातही विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. कॉलेजातील विद्यार्थी तिच्यात वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करतात आणि सात दिवसांच्या शिबिरालाही जातात. या कामाचा पगार मिळत नाही, प्रमाणपत्र मिळते. तुम्ही कॉलेजात गेलात, की या योजनेचा फलक तुम्हांला दिसेल.

एका देशात पैसे देऊन सेवा, तर दुसऱ्या देशात पैशावाचून सेवा. यांत चांगले कोणते? उत्तर द्यायची घाई करू नका. आधी तुमच्या वर्गाकडे पाहा. शाळा सुटल्यावर कोणी वडिलांच्या टपरीवर जाते, कोणी घरी आईला शिवणकामात मदत करते. अशा मुलामुलींना सेवा करायची असेल, तर त्यांचा वेळ कोण मोकळा करील? या प्रश्नाचा विचार करणे, हीच सेवेची सुरुवात आहे.

शब्दार्थ
सवड – मोकळा वेळ, फुरसत
सुखवस्तू – खाऊनपिऊन सुखी
मंदी – व्यापार व रोजगार कमी होण्याचा काळ
वणवा – जंगलाला लागलेली आग
निर्वाहभत्ता – रोजच्या खर्चासाठी मिळणारे पैसे
आक्षेप – हरकत
अनुदान – सरकारकडून मिळणारी आर्थिक मदत
मनाई – बंदी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गोष्टीतील मुलगी कॉलेज सुटल्यावर कोठे काम करते?
(आ) १९३३ च्या दलातील तरुणांच्या घरी दरमहा किती डॉलर जात?
(इ) राष्ट्रीय सेवा योजना केव्हा सुरू झाली?
२. कारणे लिहा.
(अ) सेवेला येणाऱ्या विद्यार्थ्याची आधी तपासणी होते.
(आ) एप्रिल २०२५ मध्ये अनेक स्वयंसेवकांचे काम अर्ध्यावर थांबले.
३. वाक्यांत उपयोग करा : खर्च भागवणे, हसण्यावारी नेणे, महाग पडणे.
४. 'पैसे घेऊन केलेले काम ही सेवाच आहे' या विषयावर वर्गात दोन गट करून चर्चा करा. आपले मत पाच-सहा वाक्यांत लिहा.