भावी काळाचें चित्र

परोपकारी जीव व यंत्रें यांनी सुखी झालेल्या भावी जगाचीं चित्रें हल्लीं संगणकावर पुष्कळ काढलीं जातात. तीं कशीं बनतात, हें आपण पाहूं.

असें चित्र म्हणजे सूक्ष्म ठिपक्यांची रांगोळीच होय. प्रत्येक ठिपक्यांत तांबडा, हिरवा व निळा प्रकाश 0 ते 255 या अंकांनीं मोजतात. त्यांच्या मिश्रणानें 1 कोटी 67 लक्षांहून अधिक रंगछटा साधतात. आतां तर वर्णन सांगतांच संगणक स्वतः चित्र रचितो. ही शक्ति त्यास पूर्वींच्या असंख्य चित्रांच्या अभ्यासानें येते. म्हणून ज्या प्रदेशाचीं चित्रें त्यांत थोडीं, त्याचें भविष्यहि अंधुक उमटतें.

यंत्रास काय कळतें, याचें उदाहरण आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतच आहे. टेंभली गांवीं 29 सप्टेंबर 2010 रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळें यांवरून यंत्र मनुष्यास ओळखतें. परंतु त्याला काय उणें आहे, हें मनुष्यानेंच सांगावें लागतें.

तेव्हां चित्र काढण्यापूर्वीं आपल्या गांवाची गरज लिहा. उन्हाळ्यांत डोंगरावरील पाड्यास पाणी कोण देईल? पुरांत रुग्णास नदीपार कोण नेईल? त्या उपकारकर्त्यास रूप द्या; मग साधन संगणक असो वा खडू.