मधाचा मुलामा केव्हा द्यावा?

प्रश्न : चिनी पद्धतीची लाल, चकचकीत कोंबडी ओव्हनमध्ये केली. मध घालून रात्रभर मुरवली होती. पण बाहेरून करपली, हाडाजवळ कच्ची राहिली आणि लालही झाली नाही. आच वाढवायला हवी होती का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आच वाढविण्याचा विचार कृपया अमलात आणू नये, कारण दोष आचेच्या न्यूनतेत नसून मधाच्या अकाली योजनेत आहे, मांस आतपर्यंत शिजण्यापूर्वीच शर्करा करपते. ज्या कॅन्टनी ‘चार सिउ’चे हे अनुकरण, तो प्रकार मुळात डुकराच्या मांसाचा, आणि त्याची लाली पारंपरिक रीतीने लाल बुरशी चढविलेल्या तांदळाची किंवा आंबविलेल्या लाल टोफूची असे, आता बहुधा बाजारी रंगच असतो, सबब आपल्या फिकट कोंबडीबद्दल खंत नसावी.

मांडीचे बिनहाडाचे तुकडे सोया सॉस, होइसिन सॉस, लसूण व चिनी पंचमसाला यांत मुरवावेत. सोया सॉस खारटच असल्याने मीठ वर्ज्य. (पंचमसाल्यातील सिचुआन मिरी न मिळाल्यास तिचे कोकणी भावंड तिरफळ, बी काढून, किंचित वापरावे, माझ्या मते ते मुळीच कमी नाही.) 200 अंश सेल्सिअसवर सुमारे पंचवीस मिनिटे भाजून, शेवटच्या दहा मिनिटांतच पाण्याने सैल केलेल्या मधाचे दोन-तीन हात द्यावेत.

कच्चे मांस मुरविलेला रस मात्र खळखळून उकळल्याखेरीज वरून लावू नये, आणि तुकड्याच्या मध्यभागी 74 अंश उष्णता भरल्यावाचून पदार्थ पानात वाढू नये.